दोन देशांच्या ढलप्या

उद्या पुण्यात स्वानंदीला कोणी हसलं तर? लतिकाच्या मनातून हा विचार काही केल्या जाईना. एम.ए. झालेली आपली मुलगी परिसंवादात निबंध वाचणार, तो पसंत पडला तर तिथल्याच संस्थेत संशोधनाची नोकरी मिळणार. यात काळजी करण्यासारखं काय? पण लतिकाला सिन्नरची एसटी आठवत होती.

स्वानंदीला लहानपणापासून दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचा नाद. १९९७ साली, सहावीत असताना, ती दर रविवारी नाशिकहून सिन्नरला मावशीकडे जायची. निघताना घरचं घड्याळ बघायची, पोहोचल्यावर मावशीचं; परतताना उलट. दोन महिन्यांच्या नोंदींवरून तिने वर्गात सांगितलं, की येण्यापेक्षा जायला वीस मिनिटं जास्त लागतात, कारण घाट चढायचा असतो.

"मावशीचं घड्याळ बरोबर आहे का गं?" बाईंनी विचारलं.

परतीची एसटी चुकू नये म्हणून मावशी ते दहा मिनिटं पुढे ठेवायची; म्हणजे जाताना दहा मिनिटं वाढायची आणि येताना दहा कमी व्हायची. सगळा वर्ग हसला. स्वानंदी चार दिवस शाळेत गेली नाही. नाद मात्र सुटला नाही.

आता २००९ सालच्या मार्चमध्ये तिच्या वहीत ऑस्ट्रेलिया आणि व्हिएतनाम होते. कागदाच्या लगद्यासाठी लाकडाच्या ढलप्या लागतात, आणि हे दोन्ही देश त्या जपानला विकतात.

"जहाजं भरभरून ढलप्या?" लतिकाने विचारलं होतं. "आम्ही त्या बंबात घालायचो."

"आई, तुझं सकाळचं वर्तमानपत्र म्हणजे त्याच ढलप्या, फक्त वाटून लाटलेल्या."

मग लतिकालाही कुतूहल वाटू लागलं. आलेखात नव्वदच्या दशकात ऑस्ट्रेलियाची रेघ पार वर, व्हिएतनामची तळाशी. पुढे तिथल्या लहान शेतकऱ्यांनी बाभळीच्या कुळातली, झटपट वाढणारी झाडं लावली आणि रेघ चढत गेली. २००८ला ती ऑस्ट्रेलियाच्या रेघेला टेकली. हाच निबंधाचा निष्कर्ष. त्याची एक प्रत टेबलावर ठेवून स्वानंदी सकाळी पुण्याला गेली होती.

दुपारी निफाडहून मैनाबाई दरवर्षीसारखी द्राक्षं घेऊन आली. दोघी गच्चीवर ती जुन्या साडीवर पसरू लागल्या.

"चार किलो हायेत वैनी. किलोभर बेदाणे निघतील बघा."

"एवढेच?"

"मंग? बाकी पाणीच की. तीन किलो सूर्यानं खाल्लं म्हणायचं."

लतिकाचा हात थांबला. सकाळी प्रत चाळताना ऑस्ट्रेलियाच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात काहीतरी वाचल्याचं तिला आठवलं. ती तशीच खाली आली. तिथे लिहिलं होतं, 'संपूर्ण कोरडं वजन'. तिने पान उलटलं. व्हिएतनामच्या तक्त्याखाली होतं, 'ताजं, ओलं वजन'.

ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं पाणी असतं, हे स्वानंदीनेच एकदा सांगितलं होतं. लतिकाने व्हिएतनामचे आकडे पेन्सिलीने निम्मे केले. रेघ चढत होती हे खरं, पण ऑस्ट्रेलियापासून पुष्कळ खाली राहिली.

"आता राहू दे," तिचा नवरा उपेंद्र म्हणाला. "फोन नको म्हणून बजावून गेलीय ना ती? कोणाच्या लक्षातही यायचं नाही."

बजावलं होतंच. 'तू काळजी करतेस आणि धडधड मला होते,' हे तिचं जातानाचं वाक्य. पण सभागृहात शाळेतल्या त्या बाईंसारखं एखादं माणूस असतंच. आणि लतिकाला आणखी एक उत्सुकता होती: खऱ्या रेघा एकमेकींना कधी भेटतील? ते स्वानंदीच सांगू शकणार होती. अजून अख्खी संध्याकाळ तिच्या हातात होती.

रागावली तर रागावू दे. उद्या चारचौघांत जो प्रश्न येईल, तो आज घरातून गेलेला बरा, असं ठरवून लतिकाने द्राक्षांनी चिकट झालेल्या बोटांनीच फोन उचलला.