मी बघितलं म्हणून मोडलं

"वृषाली, शुक्रवारी तुझं प्रोबेशन संपतंय आणि तुझा प्रोग्राम आठातलं कुठलंही उत्तर देतोय. असं कसं कायम करणार तुला?" दिघे साहेब म्हणाले. वृषाली परब आमच्याकडे नवी होती. तिचा सीनिअर म्हणून मीही मान हलवली. चूक तिचीच, अशी माझी पक्की खात्री.

परळच्या आमच्या ऑफिसात क्वांटम कॉम्प्युटर नाही. साध्या मशीनवर आम्ही त्याची नक्कल चालवतो, तिला सिम्युलेटर म्हणतात. साधा बिट शून्य तरी असतो नाहीतर एक. क्युबिट मात्र मोजेपर्यंत दोन्हींच्या मिश्रणात राहतो; मोजला की एकच काहीतरी उरतं. वृषालीच्या तीन क्युबिटांत आठ शक्यता होत्या. पायरीपायरीने बरोबर उत्तराची शक्यता वाढायला हवी होती. ती वाढतच नव्हती.

"सर, मला दुपारपर्यंत वेळ द्या," वृषाली म्हणाली.

मी असतो तर कोड उलटसुलट करत बसलो असतो. तिने वही काढली. प्रत्येक पायरीनंतर क्युबिटांची स्थिती काय असायला हवी, ते हाताने मांडलं. सिम्युलेटरची चैन अशी, की काही न मोजता, न बिघडवता आतली स्थिती बघता येते. एकेक पायरी थांबवून ती आकडे वहीशी ताडत गेली. नायगावहून आणलेला डबा तसाच राहिला.

"सर, इकडे या ना. तिसऱ्या स्टेपपर्यंत आठही शक्यता आहेत. चौथ्या स्टेपला एकच उरते. आणि दर वेळी वेगळी!"

"म्हणजे मध्येच कोणीतरी मोजतंय," मी म्हटलं आणि चौथ्या स्टेपचा कोड उघडला.

ती स्टेप सगळ्यांच्या वापरातल्या एका फंक्शनवर, म्हणजे कोडच्या तयार तुकड्यावर, चालायची. त्यात मोजण्याची ओळ मीच टाकली होती, गेल्या आठवड्यात. जुनी खोड, शंका आली की आकडा छापून बघायचा. इथे मोजून बघणं म्हणजे मोडणं, हे तिला मीच शिकवलं होतं! ओळ काढायची राहून गेली.

"मोदक उकडताना आई झाकण उघडू देत नाही, तसंच झालं हे," ती हसून म्हणाली. बाकी अवाक्षर नाही. तिच्या जागी मी अख्खा मजला डोक्यावर घेतला असता. तिच्या चिकाटीचं आणि त्याहून तिच्या मोठ्या मनाचं मला फार कौतुक वाटलं.

मी तडक दिघे साहेबांकडे गेलो. "साहेब, चुकीची ओळ माझी होती. काढल्यावर तिचं उत्तर बरोबर येतंय."

"मग प्रोबेशन कोणाचं वाढवू?"

"माझं लिहा."

शुक्रवारी वृषाली कायम झाली. तपासायला टाकलेली ओळ तपासून झाल्यावर काढावी, एवढाच यातला धडा. हल्ली माझा कोड आधी ती वाचते. वही घेऊन.