वेशीवरचं कुंकू

प्रेमाताईंच्या पर्समध्ये एकवेळ पासपोर्ट नसेल, पण कुंकवाचा करंडा असायचाच. सिंगापूरला मुलाकडे राहायला आल्यापासून यिशुनच्या त्यांच्या ब्लॉकची लिफ्टसुद्धा एकाही दसऱ्याला त्यांच्या बोटातून सुटलेली नव्हती. साफसफाईवाला ते कुंकू पुसायचा, ताई पुढच्या वर्षी पुन्हा लावायच्या. देव कुणाचाही असो, तो आपलाच, असा त्यांचा सरळ हिशोब. स्वतःच्या देव्हाऱ्याला मात्र सुनेनेही अंघोळीशिवाय हात लावलेला त्यांना खपत नसे.

शाळांना सुट्टी लागली तेव्हा घरचे सगळे उत्तर थायलंडच्या डोंगरात फिरायला गेले. उतारावर चहाचे मळे, वर धुकं, आणि पोटातलं घशाशी आणणारी वळणं. आखा नावाच्या डोंगरी जमातीच्या एका गावाच्या तोंडाशी लाकडी कमान होती. शेजारी लाकडातच कोरलेली एक बाई आणि एक बुवा. गाइड म्हणाला, ही माणसांची आणि भुताखेतांची वेस, हिला कुणी हात लावायचा नाही. सून अनुजाने ते मराठीत सांगितलं. प्रेमाताईंना नीट ऐकू आलं. पण ही ताकीद लोंबकळून फोटो काढणाऱ्यांसाठी, आपण तर पाया पडतोय, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. "आई, अहो आई!" असं अनुजा म्हणेपर्यंत दोन्ही बाहुल्यांच्या कपाळी कुंकू लागलं, कमानीला डोकंही टेकून झालं, आणि मुलाने, संकेतने, फोटोही काढला.

समोरच्या ओट्यावर बसलेली म्हातारी लगबगीने आत गेली. काहीतरी चुकलंय हे प्रेमाताईंनी ओळखलं, आणि ओळखून त्या चहाची पानं कशी वाळवतात याची चौकशी करू लागल्या.

परत आल्यावर शनिवारी भजनाच्या बायका घरी जमल्या आणि संकेतने टीव्हीवर फोटो लावले. कमानीचा फोटो आला तशा सगळ्या वा वा करू लागल्या.

"कुठेही जा, प्रेमाताई आपली संस्कृती घेऊन जाणारच!" नोव्हेनाच्या हॉस्पिटलात डॉक्टर असलेली नीता म्हणाली.

प्रेमाताईंनी इतकंच ऐकून घेतलं असतं तरी चाललं असतं. पण कौतुकाने माणूस सैल सुटतो. "अहो, तिथली एक म्हातारी तर डोळे भरून बघत होती," त्यांनी पदरचं जोडलं.

अनुजा उठून किचनमध्ये गेली. थोड्या वेळाने ताई तिच्यामागे गेल्या. "काय गं, तोंड का पाडलंस?"

"आई, मी गाइडला सॉरीचा मेसेज केला होता. आत्ता उत्तर आलंय. त्या संध्याकाळी गावात कोंबडी कापून विधी केला म्हणे."

"बाटली असेल त्यांची वेस." ताईंचा आवाज बारीक झाला.

"मलाही तसंच वाटलं, म्हणून विचारलं. तर म्हणतो, वेशीचं ते बघून घेतील. पण हात लावणाऱ्याला बाधा होते. विधी तुमच्यासाठी होता. कोंबडी त्या ओट्यावरच्या आजीने दिली, आपल्या घरची. ती रोज विचारते, त्या बाई सुखरूप पोहोचल्या का, ताप तर नाही ना आला."

प्रेमाताईंना भयंकर लाज वाटली. कुणी शिव्या घातल्या असत्या तर त्यांनी चार शब्द परत केले असते. इथे काय परत करणार? आपल्या पायी एक जीव गेला, तोही आपल्या काळजीपोटी, आणि आपण बाहेर त्याच म्हातारीच्या नावावर टाळ्या घेऊन आलो.

"काय कळवू?" अनुजाने विचारलं.

"बरी आहे म्हणावं," ताई कशाबशा म्हणाल्या.

बाहेर नीता टीव्हीजवळ जाऊन उभी होती. "प्रेमाताई, हीच का हो ती म्हातारी? ही बघा, कोपऱ्यात. हात वर केलाय, आशीर्वाद देतेय तुम्हाला!"

प्रेमाताईंनी फोटो नीट पाहिला. म्हातारी ओट्यावरून अर्धी उठली होती आणि तिचा तळवा त्यांच्याकडे होता. बायका कौतुकाने त्यांच्याकडे बघत होत्या.

"नाही गं नीता," त्या म्हणाल्या. "थांब म्हणत होती ती मला."