खंडेनवमीचा लॅपटॉप

खंडेनवमीला सकाळी आंघोळ करून बाहेर आले, तर माझा लॅपटॉप हळदीकुंकू लावून पाटावर बसलेला! एका अंगाला कोयते, विळे, खुरपी, दुसऱ्या अंगाला ट्रॅक्टरची किल्ली, आणि मधोमध हा नवरदेव, वर झेंडूचं फूल. आमच्या पलूसकडच्या घरात एकदा हत्यारं पूजेला मांडली की दसऱ्यापर्यंत कुणी उचलत नाही. आणि मला त्याच दिवशी दुपारी तीन वाजता त्या लॅपटॉपवर परीक्षा द्यायची होती.

त्यात तो आधीच मेलेला. आदल्या दिवशी अपडेट अर्ध्यात अडकलं, आणि तेव्हापासून चालू केला की गोल चक्र फिरायचं, स्क्रीन काळी व्हायची, परत तेच. कराडला माझ्या भावाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तो फोनवर म्हणाला, "विंडोज उडालंय. नवं टाकायला लागतंय. पेनड्राइव्हवर भरून यष्टीनं पाठवतो." कंडक्टरकडून तो पेनड्राइव्ह मी संध्याकाळी आणला, पण गावात लाइट नव्हती आणि बॅटरीत दम नव्हता. सकाळी बघू म्हणून लॅपटॉपवरच ठेवून झोपले.

परीक्षा होती पुण्यातल्या कंपनीची. मुलाखती झाल्या होत्या, ही शेवटची पायरी. पास झाले की पुण्याला जायचं. हे फक्त आमच्या ह्यांना माहीत होतं, आणि ते पलटणीत, दूर. फोनवर म्हणाले होते, "तू दे तर खरं. आबांना मी सांगतो नंतर." आबा म्हणजे माझे सासरे, रिटायर सुभेदार.

लग्नाच्या बैठकीत ठरलं होतं, सुनेनं नोकरी करावी, पण घरबसल्या. तेव्हा तो शब्द सगळ्यांना फार गोड लागला, मलासुद्धा. मग सासूबाई गेल्या आणि घरात उरलो आम्ही दोघं. धार, लॅपटॉप, भाकरी, लॅपटॉप. टेबलासमोरच्या खिडकीतून उन्हाळ्यात निदान रस्ता तरी दिसतो. दसऱ्यापर्यंत ऊस एवढा वाढतो की नुसता हिरवा पडदा. त्या खिडकीशी बसून कितीदा मला वाटलं, बोंब मारावी. मारली असती तर ऐकायला एकटे आबाच.

"आबा, हे काय केलंसा?"

"का? तुजंबी हत्यारच की ते. त्याच्यावर पोट हाय तुजं. औंदा म्हटलं, मानानं मांडायचं."

ह्या घरात बाईच्या कामाला हत्यार कुणी म्हटलं नव्हतं कधी. राग गिळावा तर गिळवेना, काढावा तर कुणावर? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

"आणि पेनड्राइव्ह कुठाय? त्याच्यावरच होता."

"ते इवलंसं? त्ये बग, किल्लीपाशी. धुऊन ठेवलंय."

"धुतलं?"

"मग? हत्यार न धुता मांडत्यात व्हय?"

माझ्या तोंडातून निघालं, "अवो आबा, तीन वाजता माझी परीक्षा आहे! आज हे चालू झालं नाही तर सगळं संपलं माझं!" कसली परीक्षा, ते सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. पाटाकडे बघत ते म्हणाले, "जागचं हलवायचं न्हाई. पर बटणं दाबू नगं, असं काय शास्त्रात न्हाई."

पेनड्राइव्ह त्यांनी स्वतः पंच्यानं पुसला, सकाळी लाइट आली होती म्हणून पंख्याखाली धरला, मग अंगणात उन्हात ठेवून कावळा न्यायचा म्हणून शेजारी उभे राहिले. मी चार्जरची वायर पाटापर्यंत ओढली, कोयत्यापुढं मांडी घातली आणि भावाला फोन लावला. "चालू करताना एफ बारा दाबत राहा," तो म्हणाला. पहिल्यांदा पेनड्राइव्ह दिसलाच नाही. काढून फुंकर मारली, परत घातला, आणि दिसला. पुढं स्क्रीनवर विचारलं, कुठला भाग पुसायचा? भाऊ म्हणाला, "सगळं जाईल बघ. काय ठेवायचं हाय का त्यातलं?"

"काही नाही," मी म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की माझं मलाच कसंतरी झालं.

तास-दीड तास टक्के सरकत होते. शेजारपाजारची माणसं पूजा बघायला यायची. आबा दारात खुर्ची टाकून बसले आणि सगळ्यांना बाहेरूनच परतवलं, "सूनबाईची परीक्षा हाय, आत जायाचं न्हाई." परीक्षेला कॅमेरा लागणार होता आणि नेमकं कॅमेऱ्यावरच कुंकू. मी बोट लावायला भीत होते. आबांनी उठून ते पुसलं, जरा खाली दुसरं लावलं, आणि परत खुर्चीत जाऊन बसले.

पेपर सुटला आणि निकाल तिथल्या तिथं स्क्रीनवर आला. पास! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आबांनी मान वळवून बघितलं.

"झालीस न्हवं पास?"

"झाले."

"मग? आता पगार वाढंल का?"

खोटं बोलता आलं असतं. ह्यांच्यावर ढकलता आलं असतं. पण दिवसभर हा म्हातारा माझ्यासाठी दार धरून बसला होता.

"आबा, ही नवी नोकरी आहे. पुण्यात."

"घरबसल्या न्हाई?"

"नाही. तिथंच राहायला लागेल."

आबांनी पंचा घडी करून मांडीवर ठेवला, उघडला, परत घडी केली. मला वाटलं, आता चुकलं माझं म्हणावं, फोन करून नोकरी नको सांगावी, भाकरी टाकावी आणि विषय संपवावा. तरी म्हणाले, "मला जायचंय, आबा." त्या घरात आल्यापासून मला काय हवंय ते मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले.

"जा की," ते म्हणाले. "आडवलंय कुणी?"

आणि माझ्याकडे न बघता तसेच दारात बसून राहिले.