विटेवर आलेला नवरदेव

माझ्या लग्नाच्या दिवशी मी फटफटीची बॅटरी जिनात विसरलो आणि बॅटरीच्या डब्यात वीट घेऊन सासरी निघालो.

आधीच सांगतो — भूत, चकवा, देवचार, कशावरही माझा विश्वास नव्हता. हिंगोलीच्या एका कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, मी इंजिनावर देखरेखीला होतो. पट्टा तुटला तर तो का तुटला हे सांगता येतं, अशा जगातला माणूस. तरी झालं ते असं झालं… हसायचं तर हसा. आमच्या घरी रोज हसतात.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. एका डॉक्टरांची जुनी फटफटी मी घेतली होती. तिला स्वतःची ठिणगी स्वतः पाडणारा मॅग्नेटो नव्हता. बॅटरी असेल तरच ठिणगी पडणार आणि ठिणगी पडली तरच इंजिन बोलणार. त्या बॅटरीचे लाड म्हणजे पहिलटकरणीचे डोहाळे! नुसती पडून राहिली तरी रुसायची. म्हणून मी जिनात एक फळी ठोकली होती — जिनाच्या इंजिनावर फिरणाऱ्या डायनामोची वायर, मधे एक मोठा बल्ब, पुढे दोन चिमटे. मधे बल्ब असला की वीज घोटाघोटानं जाते. बॅटरी उकळत नाही आणि उपाशीही राहत नाही. फटफटी उभी की बॅटरी फळीवर. रिकाम्या डब्यात गांधीलमाश्या घर करत, म्हणून मी तिथे गोणपाटात गुंडाळलेली वीट ठेवायचो. अगदी मापाची.

लग्न कळमनुरीला, गोरज मुहूर्तावर. वऱ्हाड सकाळीच बैलगाड्यांनी निघालं. मी मात्र फटफटीवर, दिवा लावून, मांडवात शिरणार होतो. आईनं गाडीत चढता चढता माझ्या हातात अडकित्ता कोंबला.

"हळदीच्या अंगानं एकटं फिरू न्हाई. काहीबाही लागतं. हे लोखंड सोडू नको."

"आई, बुडाखाली चार मण लोखंड हाय की!"

"त्याच्यावर माझा भरोसा न्हाई," आई म्हणाली.

नवरीच्या दाजीबामामांचाही नव्हता. त्यांनी माझ्या वडिलांना तोंडावर सांगितलं होतं, "मुहूर्त टळला तर हळद लागलेली पोरगी घरात ठेवणार न्हाई. माझा मेव्हणा मांडवातच हाय. त्याच्या गळ्यात माळ पडंल." ही पोकळ धमकी नव्हती, त्या काळी असं होत असे. आणि मला गोदावरीच हवी होती. पाहायला गेलो तेव्हा मी फटफटीचं इतकं कौतुक सांगितलं की बैठक पेंगायला लागली. तेवढ्यात दाराआडून तिचा आवाज आला — "बंद पडल्यावर ढकलतं कोन?" मी तिथेच खलास झालो.

तर, दिवा लख्ख लागावा म्हणून त्या सकाळी बॅटरी फळीवर लावली आणि फटफटी ढकलत घरी आणली. घासली, पुसली, झेंडूची माळ घातली. ढकलत आणली म्हणजे बॅटरी नाही हे तेव्हा ठाऊकच होतं. दुपारी फेटा बांधला आणि ठाऊक असलेलं सगळं फेट्याखाली गेलं. किक मारली. पहिल्याच किकला सुरू! एरवी ही बया पाचसहा लाथा खाल्ल्याशिवाय हूं की चूं करत नसे. मी म्हटलं, शुभशकुन.

अर्ध्या वाटेवर एक कोरडा ओढा लागतो. वाळूत चाक रुतलं, इंजिन फुर्र करून थांबलं. एखादी वायर निसटली असेल म्हणून डबा उघडला. गोणपाट दिसलं. सोडलं…

वीट.

मी ती हातात घेऊन वाळूतच बसलो. हिंगोलीपासून इथवर मी विटेवर आलो होतो! पण खरं सांगू, नवल नंतर वाटलं. आधी दिसला मामांचा मेव्हणा. ऊन उतरायला लागलं होतं. पायी जाऊन मुहूर्त गाठणं शक्य नव्हतं.

काठावर एक म्हातारी शेळ्या चारत होती. "काहून बसला रं नवरदेवा?"

"मावशे, गाडीत बॅटरी न्हाई. वीट हाय."

"मंग?"

"विटेवर गाडी चालत न्हाई."

"हितवर कशावर आली?"

मी विटेकडे पाहिलं.

"तिला ठाऊक न्हवतं तवर चालली ना? तू काहून सांगून राहिला? झाक ते झाकण अन् हान लात!"

माझ्या शिक्षणाला हे पटत नव्हतं. पण शिक्षणाला लग्न करायचं नव्हतं. वीट परत गुंडाळली, डबा लावला, गाडी वाळूतून काढली, डोळे मिटून लाथ मारली…

सुरू!

हातावरची हळद शहारली म्हणा ना. मागे वळून पाहिलं — म्हातारी गायब वगैरे झाली नव्हती, शेळीला आईबहिणीवरून शिव्या देत होती. तीच काय ती त्या दुपारची साधी गोष्ट.

कळमनुरीच्या वेशीत गुरं परतत होती. धुळीत काही दिसेना म्हणून सवयीनं बटण फिरवलं, आणि दिवा लागला. असा की गुरं बाजूला झाली. मांडवात मामांचा मेव्हणा नवं धोतर नेसून तयार. भटजी सूर्याकडे बघतायत. वडील कुणाकडेच बघत नाहीयेत. मी थेट मांडवाच्या तोंडाशी ब्रेक दाबला. वाजंत्र्यांनी जो दणका दिला! वडिलांनी मला आडवा उचलूनच अंतरपाटापाशी नेला. मेव्हण्याला धोतरासकट पंगतीत वाढायला पाठवलं.

इंजिन मी बंद केलं होतं. दिव्याचं बटणही. दिवा मात्र जळतच राहिला. मंगलाष्टकं संपली, शेवटच्या अक्षता पडल्या, आणि तो विझला… कुणी फुंकर घालावी तसा.

"दाव बरं, ह्या जनावराचा दाणा कुठं ठेवतो?" म्हणत मामांनीच डबा उघडला. गोणपाट सोडलं. सगळा मांडव वाकून बघत होता. मामांनी वीट खाली ठेवली आणि, देवाशपथ, तिला हात जोडले. वऱ्हाडातला नरसी गावचा एक वारकरी म्हातारा म्हणाला, "आमाला इचारा ना विटेची ताकद! अठ्ठावीस युगं देव उभा हाय तिच्यावर!"

दोन दिवसांनी जिनात गेलो. बॅटरी ठार रिकामी. राखणदार चाचा म्हणाले, "इंजन तो दोपहर कू बंद किया. फिर बी तुम्हारा बल्ब शाम तलक जलतइच था." इंजिन थांबल्यावर बॅटरीची वीज उलटी डायनामोत गेली, हे मला कळतं. चिमटे लावून ठेवणं हा माझा दुसरा गाढवपणा. पण फटफटीच्या बॅटरीच्या सहा व्होल्टांवर जिनाचा तो मोठा बल्ब नुसता लालसुद्धा व्हायला नको. तो जळला कशावर? आणि तिकडे बारा मैलांवर फटफटी काय खात होती?

नांदेडच्या एका मेकॅनिकला विचारलं. त्यानं मला चहा पाजला आणि विषय बदलला. तीच वीट, तेच गोणपाट घालून मी नंतर कितीदा तरी किक मारली. पाय सुजला, फटफटी ढिम्म. आईच्या मते अडकित्ता, मामांच्या मते वीट, माझ्या मते… माझ्याकडे मतच नाही.

हे सगळं लिहून गोदावरीला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्याच्यात काय नवल? डोक्याच्या जागी वीट असून तुमी रोजच चालून राहिले की!"