पंगतीत मागितलेलं स्विस घड्याळ

इंग्लंडातल्या आमच्या स्लाऊच्या मराठी मंडळात किस्से दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखे साठतात. मुद्दाम कुणी आणत नाही, टाकवत कुणाला नाही, आणि एक दिवस किचनचा ड्रॉवर लागेनासा होतो. माझा आता लागत नाही, म्हणून यातले काही तुमच्यापुढे ओततेय. नावं बदलली आहेत. बदलली नसती तरी मी कुणाच्या बापाला भीत नाही!

आम्ही सगळे सत्तरीच्या पुढचे. दर गुरुवारी कम्युनिटी सेंटरमध्ये जमतो, चहा पितो, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतो आणि भांडतो. मला सगळे आक्का म्हणतात. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं माझं मी, इथल्या लायब्ररीत बसून.

यंदा सहल ठरली ती नॉटिंगहॅमच्या पुढच्या एका खेड्यातल्या म्युझियमची. कुणी एक स्विस घड्याळजी इथं येऊन राहिला, जन्मभर आपल्या देशची घड्याळं गोळा करत बसला आणि एका जुन्या गिरणीत ती सगळी मांडून गेला. जाहिरातीत खाली लिहिलं होतं, "तुमचं जुनं स्विस घड्याळ घेऊन या. आमचे एक्स्पर्ट उघडून बघतील."

ते कुणी वाचून दाखवताच दिनकरराव खुर्चीतून उठलेच. मनगट वर करून म्हणाले, "इतकी वर्षं सांगतोय ना, ओरिजिनल स्विस! आता साहेबाच्या तोंडून ऐका!"

शेजारी त्यांची बायको, माझी मैत्रीण नलू. तिनं कपबशी खाली ठेवली आणि मला बाहेर चलायची खूण केली.

*

बसस्टॉपपर्यंत जाताना नलूनं सांगितलं ते असं.

लग्न साताऱ्याला. जेवणाच्या पंगतीत जावयानं रुसायचं, मागणी करायची आणि ती पुरी झाली की मगच पहिला घास घ्यायचा, ही तेव्हाची रीत. दिनकररावांना मित्रांनी फूस लावली, "स्विस घड्याळ माग!" यांनी मागितलं. नलूचे वडील शाळामास्तर. डोक्यावरची टोपी सारखी करून सायकलवर बसले, ते तासाभरानं रुमालात घड्याळ बांधूनच परतले. पंगत ताटकळलेली, भात गार. पण जावई जेवला!

इंग्लंडला निघताना वडिलांनी नलूला बाजूला घेतलं. "पोरी, ते घड्याळ कुणाला उघडू देऊ नकोस. वर स्विस लिहिलंय. आत स्विस नाही."

तेव्हापासून घड्याळ बंद पडलं की नलू स्वतः बस पकडून हाउन्सलोच्या घड्याळवाल्याकडे जायची. नवऱ्याला कधी नेऊ दिलं नाही. "तुम्ही दमून आलाय, मी टाकते की!"

"आक्का, बाबांची लाज जाईल गं," ती म्हणाली. "माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, आता या वयात हे त्यांना चोर समजतील."

मी म्हटलं, "त्या एक्स्पर्टाला मी बघते."

*

निघायचं नऊला. आमचे सेक्रेटरी वसंतराव हुशार. लोक उशिरा येतात म्हणून त्यांनी सगळ्यांना साडेआठ सांगितलं. पण ते साडेआठ सांगतात हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे सगळे आले साडेनऊला. नऊला हजर कोण? एकटा गोरा ड्रायव्हर.

वसंतरावांनी सॉरी म्हणत त्याच्या हातात पत्ता दिला. त्यानं तो वाचला, डिक्कीत डबे कोंबणाऱ्या आमच्या बायकांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "घड्याळांचं म्युझियम? नेतो. तुम्हा लोकांना खरंच गरज आहे!"

नलू मात्र आली ती हसत. माझ्या कानात म्हणाली, "घड्याळ तूरडाळीच्या डब्यात खुपसलंय. शोधू देत!"

तेवढ्यात दिनकरराव बसमध्ये चढले. मनगटावर घड्याळ, बाहीवर डाळीचे दोन दाणे. "कमाल आहे," म्हणाले, "आज म्हटलं वरणाची डाळ आपण भिजत घालावी, तर डब्यात बघा काय सापडलं!"

लग्नानंतर या माणसानं डाळीच्या डब्याला हात लावायची ती पहिलीच वेळ!

*

म्युझियममध्ये कानाला लावायचे हेडसेट. फ्रेंच, जर्मन, जपानी, सगळ्या भाषा. मी काउंटरवर विचारलं, "मराठी?"

पोरगी म्हणाली, "सॉरी, त्याला डिमांड नाही."

"मागे वळून बघ," मी म्हटलं. "अख्खी बस भरून डिमांड उभी आहे!"

हेडसेट परत केले आणि मीच सांगत सुटले. लायब्ररीतून पुस्तकं आणून आठवडाभर वाचलं होतं, ते काय उगाच? अर्ध्या तासात माझ्यामागे आमचे लोक, लेस्टरचं एक गुजराती कुटुंब आणि दोन गोऱ्या बायका. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. पण त्यांच्या हेडसेटमधला माणूस, म्हणे, फार हळू बोलत होता.

*

एका खिडकीशी लाकडी बाक मांडला होता. तिकडे स्वित्झर्लंडच्या डोंगरात बर्फ पडलं की शेतीची कामं थांबायची, मग घरोघरी खिडकीपाशी बसून बायका घड्याळाचे बारके भाग घासायच्या. भिंतीवर त्यांचा फोटो होता. माना खाली, डोळ्याला भिंग. नाव एकीचंही नाही.

मी आणि नलू तिथंच थबकलो. स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका फॅक्टरीत आम्ही दोघी अशाच बसायचो, साडीवर ओव्हरऑल घालून, भिंगाखाली तारा जोडत. सुपरवायझर कौतुक करायचा, "तुम्हा लेडीजची बोटं काय नाजूक!"

मी तेव्हा नवं नवं इंग्लिश शिकत होते. त्याला सांगितलं, "नाजूक नाहीत, तव्यावर भाजलेली आहेत. कौतुक राहू दे, हीटर लाव!"

दुसऱ्या दिवशी हीटर आला. नलू त्या हीटरपाशी डबा गरम करायची आणि सगळ्या शेडला मेथीचा वास सुटायचा. तो वास त्या म्युझियममध्ये आला मला, शपथेवर सांगते.

*

वसंतरावांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असतात. डाव्यावर इथली वेळ, उजव्यावर भारतातली. आई नाशकात होती तेव्हा फोन करायला सोयीचं म्हणून सुरुवात झाली. आई गेली, पण उजवं घड्याळ राहिलं.

मी आपली फटकळ. त्या घड्याळांच्या भिंतीपुढे विचारलं, "वसंतराव, आता कुणाला फोन करायचाय तिकडे?"

म्हणाले, "कुणालाच नाही, आक्का. पण आत्ता तिकडे दिवेलागण झाली असेल, एवढं कळलं तरी पुरतं."

मी वाकून त्यांच्या उजव्या घड्याळातली वेळ बघून घेतली.

*

आणि एक्स्पर्ट! खिडकीशी टेबल, अंगात पांढरा कोट, डोळ्यावर भिंग. नलूला मी गिफ्ट शॉपच्या दारात उभं केलं आणि दिनकररावांच्या आधी जाऊन बसले.

"आता एक म्हातारा येईल. घड्याळ स्विस नाही. तुम्ही आहे म्हणायचं."

"मॅडम," तो म्हणाला, "घड्याळाबाबत मी खोटं बोलत नाही."

"मग आज शिका!"

तो काही बोलणार तोच दिनकरराव आले. मी उठले, पण हलले नाही. त्यांनी घड्याळ काढून अलगद टेबलावर ठेवलं. एक्स्पर्टनं मागचं झाकण उघडलं, वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग भिंग वर केलं. गिफ्ट शॉपच्या दारातली नलू पदर मुठीत धरून बघत होती.

त्यानं तोंड उघडायच्या आत दिनकरराव पुढे झुकले. हळू आवाजात, इंग्लिशमध्ये म्हणाले, "मला ठाऊक आहे. एकदा मीच गुपचूप नेलं होतं, हाउन्सलोच्या माणसानं केव्हाच सांगितलंय. पण ती दारात माझी मिसेस उभी आहे. तिच्या वडिलांनी दिलेलं आहे हे. तिला ऐकू जाईल असं काहीतरी चांगलं बोला."

त्या माणसानं झाकण लावलं, घड्याळ पुसलं, दोन्ही हातांनी परत दिलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सर, हे कुणीतरी फार जिवापाड जपलंय!"

परतीच्या बसमध्ये नलूनं माझा हात सोडला नाही. "बाबांची लाज राहिली गं. यांना कळलं नाही. तू कधी बोलायची नाहीस हं!"

स्लाऊला उतरताना दिनकरराव मुद्दाम मागे रेंगाळले. मला हात देऊन पायरीवरून खाली घेतलं आणि कानाशी म्हणाले, "आक्का, नलूपाशी बोलू नका हं. तिला बिचारीला काहीच ठाऊक नाही."