खंडेनवमीला काढलेल्या जाळ्या

नातवंडांनो, मुरुडचा काथ्याचा कारखाना आता आपण विकतोय. नंतर कुणी सांगणार नाही, म्हणून लिहिते.

कारखाना विकत घेतल्यावर यंत्रांच्या फिरत्या पट्ट्यांवर मी हट्टाने जाळ्या बसवून घेतल्या. खंडेनवमीला चाकांना हळदकुंकू लावायचे म्हणून कामगारांनी त्या काढल्या आणि परत बसवल्याच नाहीत.

"बाई, देवाला काय पिंजऱ्यात ठेवायचं?" मुकादम हसायचा.

मी रोज विनवले, रागावले, शेवटी सगळ्यांसमोर रडले. कुणी ऐकेना. मग एका दुपारी तिथेच कामाला असलेल्या मुकादमाच्याच बायकोचा पदर आणि त्याबरोबर हात पट्ट्यात ओढला गेला. वीज बंद होईपर्यंत हात चिरडला होता. तिची किंकाळी अजून ऐकू येते.

संध्याकाळी मुकादमाने एकट्याने सगळ्या जाळ्या बसवल्या.

हात गेला. ती आहे, एका हाताने अंगण झाडते.