शनिवारी गेलेल्या माणसाला पायी आणताना

अण्णांचं तेरावं झालं आणि ताडकळसजवळच्या गावाहून आत्याचा फोन आला. "शनवारीच ये." अण्णा, माझे वडील, आमच्या पुण्याच्या घरी शनिवारी गेले होते. आई मात्र म्हणाली, "शनिवारी नको. रविवारी जा." कारण तिने सांगितलं नाही. मी शुक्रवारी रात्रीची गाडी पकडली.

परभणीपर्यंत रेल्वे सोयीची. पुढे ताडकळसला एसटी मिळते, पण रस्ता मधेमधे उखडलेला आहे, मागच्या सीटवर बसू नका. स्टँडसमोर भजी आणि चहा घेऊन ठेवावा, पुढे काही मिळत नाही.

आत्याचा मुलगा बालाजी मोटरसायकल घेऊन आला होता.

"दादा, लय वाळलाव की! पुण्यात भाकरी मिळंना का?"

फाटा ओलांडल्यावर त्याने गाडी थांबवली, उतरून चाकातली हवा पाहिली. हवा ठीक होती. "जड चालायलीय," तो म्हणाला. "तिघं बसल्यावानी."

आत्या पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिने मला आत घेतलं नाही.

"गाडीवर आलास? मग अण्णा कुठं राह्यला?"

शनैश्चराची फोड मी शाळेत शिकलो होतो. शनैः म्हणजे हळू, चर म्हणजे चालणारा. आकाशात हा ग्रह फार संथ सरकतो, म्हणून ते नाव, आणि त्याच्यावरून वाराचं. आत्याकडे मात्र त्यातून एक रीत आली आहे, ती तिने उंबऱ्यातूनच सांगितली. शनिवारी गेलेला माणूस हळू चालतो. घरच्याने शनिवारीच त्याला फाट्यापासून पायी गावी आणायचं, नाहीतर तो मेल्या जागीच घुटमळत राहतो.

"फोनवर सांगायचंस ना, आत्या."

"ह्ये बी सांगावं लागतं व्हय? पुण्याला जाऊन पाय इसरलाव तुमी."

बालाजीने मला परत फाट्यावर सोडलं. भर दुपार होती. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वारा अजिबात नव्हता. मी हळू चालत होतो. थोड्या वेळाने मागे चप्पल घासल्याचा आवाज आला. अण्णा उजवा पाय ओढत चालायचे. मी थांबलो. आवाज थांबला नाही. तो जवळ आला, माझ्या शेजारी आला, आणि मग थांबला.

समोरून एक म्हातारी विळा घेऊन येत होती. ती कडेला झाली. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या उजवीकडे, आणि मोठ्या माणसासमोर घेतात तसा डोक्यावर पदर घेतला.

आत्याने माझ्या पायांवर पाणी घातलं. मग दुसरा तांब्या आणून माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेवर ओतला. "ये रे अण्णा," म्हणाली आणि रडायला लागली. जेवायला ज्वारीची भाकरी, ठेचा आणि वरण होतं. चव आठवत नाही.

संध्याकाळी बालाजीने स्टँडवर सोडलं. "आता हलकी चालायलीय," तो म्हणाला. या वेळी त्याने थट्टा केली नाही.

रविवारी घरी पोचलो. आईने आधी मला जेवू दिलं.

"ते गेल्यापासून रोज दुपारी बोळात त्यांच्या चपला वाजायच्या," ती म्हणाली. "काल वाजल्या नाहीत. याच भीतीने शनिवारी नको म्हणत होते."

तेवढ्यात आईला आत्याचा फोन आला. तिचा मोठा आवाज मलाही ऐकू येत होता. "वहिनी, अण्णा नीट पोचला बरं का."

आई म्हणाली, "वन्सं, फोन जरा अंगणात धरता का?"

पलीकडे बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी फोन घ्यायला हात पुढे केला. आईने माझा हात बाजूला सारला आणि फोन कानाला आणखी घट्ट लावला.